घरच्या बेंचसाठी फ्रिक्वेन्सी रेफरन्स कोणता घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींकडून, जुनी उपकरणं दुरुस्त करणाऱ्यांकडून आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न वर्षभर येत राहतात, मे महिन्यात जरा जास्तच. आधी पायाभूत प्रश्न आहेत, अडचणीचे शेवटी. एकाच गोष्टीची दोनदा चर्चा नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काउंटरमध्ये क्रिस्टल असतोच ना? मग वेगळा रेफरन्स कशाला?

काउंटर वारंवारता मोजतो म्हणजे स्वतःच्या क्रिस्टलशी तुलना करतो. क्रिस्टल जितका चुकीचा, तितकंच उत्तर चुकीचं, मग पडद्यावर आठ आकडे दिसोत की बारा. रेफरन्स म्हणजे त्या क्रिस्टलची जागा घेणारा, जास्त भरवशाचा सिग्नल. बहुतेक ठिकाणी तो १० मेगाहर्ट्झचा असतो आणि उपकरणाच्या मागच्या बीएनसी सॉकेटमध्ये लावतात. काउंटर, सिग्नल जनरेटर आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर एकाच रेफरन्सवर चालले की तिघं निदान एकमेकांशी तरी सहमत असतात. माझ्या मते घरच्या बेंचवरचा हाच सर्वात मोठा फायदा आहे.

२. पीपीएम आणि पीपीबीचा हिशेब सोप्या भाषेत सांगाल का?

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक, पीपीबी म्हणजे अब्जात एक. १० मेगाहर्ट्झवर १ पीपीएम म्हणजे १० हर्ट्झ आणि १ पीपीबी म्हणजे हर्ट्झचा शंभरावा भाग. तोच १ पीपीएम १४५ मेगाहर्ट्झवर १४५ हर्ट्झ होतो. खाली जिथे "पीपीबीचा हजारावा भाग" म्हटलं आहे, तिथे अब्जाच्या हजारपट भागांत एक असं समजा.

३. मला किती अचूक रेफरन्स लागेल, हे कसं ठरवू?

खरेदीपूर्वी यावरच सर्वात जास्त वेळ द्या. "सगळ्यात अचूक कोणता?" असं विचारलं की पैसे जातात आणि उपयोग होत नाही. कोणत्या कामासाठी कितवा आकडा खरा हवा, ते लिहून काढा.

मायक्रोकंट्रोलर, ऑडिओ, स्विचिंग पॉवर सप्लाय एवढंच काम असेल तर वेगळ्या रेफरन्सची गरज नाही. साधा क्रिस्टल २० ते ५० पीपीएममध्ये असतो आणि तेवढं पुरतं. एचएफ (शॉर्टवेव्ह) रेडिओ दुरुस्त करताना २० मेगाहर्ट्झच्या आसपास १० हर्ट्झपर्यंत खात्री हवी असेल, तर अर्धा पीपीएम झाला. चांगला टीसीएक्सओ (हे सगळे प्रकार प्र. ४ मध्ये आहेत) तिथे नुकताच पोचतो, पण ओसीएक्सओ असला की निर्धास्त राहता येतं.

हॅम मंडळींची सोय असलेला क्यूओ-१०० उपग्रह ऐकणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तो २५.९ अंश पूर्वेवर स्थिर आहे. नागपुरातून पश्चिमेला क्षितिजाच्या साधारण २६ अंश वर येतो, म्हणजे समोर उंच इमारत नसेल तर आरामात मिळतो. त्याचा अरुंद पट्ट्याचा डाउनलिंक १०.४८९ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे आणि डीटीएचच्या डिशवर असतो तशा एलएनबीतला (सिग्नलची वारंवारता खाली आणणाऱ्या डबीतला) लोकल ऑसिलेटर ९.७५ गिगाहर्ट्झचा असतो. तिथे १ पीपीएम म्हणजे जवळपास पावणेदहा किलोहर्ट्झ. एसएसबी या रेडिओ पद्धतीतलं एक बोलणं तीन किलोहर्ट्झच्याही आत मावतं, म्हणजे स्टेशन सापडणारच नाही. १०० हर्ट्झच्या आत राहायचं तर १० पीपीबी हवेत. इथे जीपीएसडीओ खरोखर कामी येतो.

आता मोजमापाची बाजू पाहू. साधा काउंटर एका सेकंदाच्या गेटमध्ये १० मेगाहर्ट्झ मोजतो तेव्हा शेवटचा आकडा १ हर्ट्झचा, म्हणजे ०.१ पीपीएमचा असतो. त्याला रुबिडियम जोडलं तरी आकडा तेवढाच राहतो. काउंटरची क्षमता रेफरन्सच्या तोडीची आहे का, हे आधी पाहा.

४. टीसीएक्सओ, ओसीएक्सओ, रुबिडियम आणि जीपीएसडीओ यांत फरक काय?

टीसीएक्सओमध्ये क्रिस्टलवर तापमानाचा जो परिणाम होतो, तो उलट दिशेनं काम करणाऱ्या सर्किटनं भरून काढलेला असतो. साधारण अर्धा ते अडीच पीपीएम अचूकता मिळते. वीज नगण्य लागते आणि चालू करताच तयार असतो.

ओसीएक्सओमध्ये क्रिस्टल एका छोट्या अव्हनमध्ये बसवलेला असतो आणि तो ७०-८५ अंशांच्या दरम्यान एका ठरावीक तापमानावर धरून ठेवतात. सेकंदा-दोन सेकंदांच्या अवधीत चांगला ओसीएक्सओ स्वस्त रुबिडियमपेक्षाही शांत असतो. पण क्रिस्टल जुना होतो तशी वारंवारता हळूहळू सरकत जाते आणि कधीतरी ती जुळवावी लागते.

रुबिडियममध्ये अणूंची ६.८३४ गिगाहर्ट्झच्या आसपासची नैसर्गिक वारंवारता क्रिस्टलला लगाम घालते. म्हणून महिनोन् महिने सरकणं फार कमी.

जीपीएसडीओ म्हणजे उपग्रहांच्या वेळेशी सतत जुळवून घेणारा ओसीएक्सओ. तो आतून कसा चालतो ते प्र. ८ मध्ये आहे. या चौघांपैकी आपली आपण चूक सुधारणारा हा एकटाच, आणि आकाश दिसण्याची गरजही त्या एकट्यालाच.

५. भाऊ, माझा काउंटर जानेवारीत बरोबर असते आणि मे महिन्यात वेगळंच दाखवून राहिला. बिघडला का?

बहुधा नाही. मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४० अंशांच्या वर पारा असतो, जानेवारीत पहाटे तीच खोली पंधराच्या आसपास येते. उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एटी-कट क्रिस्टलचा आलेख २५ अंशांजवळ बऱ्यापैकी सपाट असतो आणि दूर गेलं की वळतो, त्यामुळे काही पीपीएमचा फरक सहज पडतो. मॅन्युअल उघडून पाहा. बऱ्याच उपकरणांची अचूकता २३ अंश अधिक-उणे ५ एवढ्याच पट्ट्यासाठी सांगितलेली असते. म्हणजे आपल्याकडे निम्मं वर्ष उपकरण त्या आश्वासनाच्या बाहेरच चालतं.

ओसीएक्सओलाही उन्हाळा चुकत नाही. अव्हनला गरम करणं येतं, थंड करणं येत नाही. खोली ४३ अंश, डब्यातल्या पॉवर सप्लायची उष्णता आणखी १५, म्हणजे ओसीएक्सओच्या भोवती ५८ अंश. त्याची मर्यादा ६० अंश असेल तर नियंत्रण सुटण्याच्या उंबरठ्यावर आहात. म्हणून विकत घेताना वरची मर्यादा ७० अंशांची असेल असाच पाहा आणि ट्रान्सफॉर्मर व रेग्युलेटर वेगळ्या डब्यात ठेवा.

कूलरचाही विचार करा. त्याचा झोत थेट रेफरन्सवर आला की दर मिनिटाला तापमान हलतं, आणि हळू बदलापेक्षा असा भरभर बदल जास्त त्रास देतो. शिवाय ओल्या हवेनं कनेक्टर काळे पडतात. रेफरन्स जाड अॅल्युमिनियमच्या डब्यात, जमिनीजवळ, पश्चिमेची उन्हाची भिंत सोडून ठेवा. थर्माकोलमध्ये बंद करू नका, आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही.

६. सगळे म्हणतात रुबिडियमच घे. घेऊ का?

घरात आकाश अजिबात दिसत नसेल, किंवा उचलून नेता येईल असा रेफरन्स हवा असेल, तर घ्या. नाहीतर नागपुरात माझा कल जीपीएसडीओकडे आहे.

बाजारात मिळणारे एलपीआरओ-१०१ किंवा एफई-५६८०ए हे रुबिडियम टेलिफोन आणि मोबाइल यंत्रणांतून निवृत्त झालेले असतात. त्यांच्यातल्या रुबिडियमच्या दिव्याचं आयुष्य मर्यादित आहे आणि आधीचं किती गेलं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एलपीआरओला २४ व्होल्ट लागतात. सुरुवातीला दीड अँपिअरच्या वर, तापल्यावर साधारण अर्धा अँपिअर. ही सगळी उष्णता खालच्या पट्टीतून बाहेर पडली पाहिजे, म्हणून मोठा हीटसिंक अनिवार्य आहे. पट्टीची मर्यादा ७० अंश आहे. आपल्या मे महिन्यात हीटसिंकशिवाय ती गाठायला वेळ लागत नाही, आणि जितकं तापेल तितकं आयुष्य कमी.

आणखी एक गैरसमज आहे. रुबिडियम हे सीझियमसारखं मूळ प्रमाण नाही. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमच्या ९,१९२,६३१,७७० स्पंदनांवर आहे. रुबिडियमची वारंवारता त्याच्या काचेच्या कुपीतल्या वायूच्या दाबावर थोडी अवलंबून असते, म्हणून तेही कशाशी तरी जुळवून घ्यावंच लागतं. ते कसं, यासाठी प्र. १४ पाहा.

७. रुबिडियम किरणोत्सर्गी असतं ना? घरात लहान मुलं आहेत.

रुबिडियम-८७ किंचित किरणोत्सर्गी आहे हे खरं. पण त्याचा अर्धायुकाल सुमारे ५,००० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे क्रिया अतिशय मंद. आत अगदी थोडं द्रव्य असतं आणि तेही काचेत बंद. घड्याळाच्या कामात किरणोत्सर्ग वापरलाच जात नाही. मुलांपासून जपायचं ते तापलेल्या हीटसिंकला. मात्र आतली कुपी फोडू नका, हा धातू हवेत पेट घेतो.

८. जीपीएसच्या स्वस्त मॉड्यूलमधूनच १० मेगाहर्ट्झ मिळतात म्हणे. मग जीपीएसडीओला पैसे का द्यायचे?

मिळतात, पण गढूळ. यू-ब्लॉक्स एम८ मालिकेतल्या मॉड्यूलचं आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं आहे. ४८ ला १० नं भाग जात नाही, म्हणून ते कधी चार तर कधी पाच टिक मोजून सरासरी १० करतं. प्रत्येक कडा सुमारे २० नॅनोसेकंद मागे-पुढे होते. तिथे ८ मेगाहर्ट्झ मागितले तर बरेच स्वच्छ येतात, कारण सहानं नि:शेष भाग जातो. दीर्घ सरासरी दोन्हीची बरोबर असते. नुसत्या काउंटरला लांब गेट लावून तपासायचं असेल तर एवढंही पुरे, पण सिग्नल जनरेटरला ते देऊ नका.

जीपीएसडीओची खरी कल्पना दोन अपूर्ण गोष्टींची जोडी लावण्याची आहे. दर सेकंदाला येणारा जीपीएसचा पल्स क्षणाक्षणाला हलतो, पण दिवसभरात उपग्रहांवरच्या अणुघड्याळांशी इमानदार राहतो. ओसीएक्सओ उलटा आहे, क्षणभर शांत आणि महिन्यात भरकटणारा. मधलं सर्किट दोघांच्या कलेतला (फेजमधला) फरक मोजतं आणि ओसीएक्सओच्या नियंत्रण व्होल्टेजला अगदी हलके, शंभर ते हजार सेकंदांच्या सावकाशीनं ढकलतं. असं केल्यावर दिवसभराच्या सरासरीत पीपीबीच्या हजाराव्या भागापर्यंत अचूकता घरच्या टेबलावर मिळते. एवढी अचूकता फुकट आकाशातून येते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्यासाठी उपग्रहावरचं घड्याळ उड्डाणापूर्वीच मुद्दाम १०.२३ ऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झवर लावतात, कारण सापेक्षतेच्या नियमांमुळे वर गेल्यावर ते दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतं.

निवड करताना आत कोणता ओसीएक्सओ आहे हे विचारा. जाहिरातीत जीपीएसडीओ लिहिलेल्या काही स्वस्त पेट्यांत फक्त टीसीएक्सओ असतो.

९. फ्लॅटमध्ये राहतो. अँटेना खिडकीत चालेल का, की गच्चीवरच हवा?

गच्ची उत्तम. खिडकी चालते, पण रिसीव्हर टायमिंगचा असावा. तसा रिसीव्हर एकदा स्वतःची जागा नक्की करून घेतो आणि मग एका उपग्रहावरही वेळ देऊ शकतो. जीपीएस उपग्रहांच्या कक्षा ५५ अंश कललेल्या असल्यानं उत्तरेकडच्या खालच्या आकाशात ते कमी दिसतात. निवड असेल तर दक्षिण, पूर्व किंवा पश्चिमेची खिडकी घ्या.

गच्चीवर पाण्याच्या टाकीचा आडोसा टाळा, पाणी हा सिग्नल अडवतं. डीटीएचची आरजी-६ केबल चालते. तिच्या लांबीमुळे वेळ काही नॅनोसेकंद मागे पडते, वारंवारतेवर परिणाम होत नाही. अँटेनाला ३.३ व्होल्ट लागतात की ५, ते जुळवून घ्या. संक्रांतीच्या दिवसांत मांजा अडकून केबल खेचली जाते, म्हणून ती पाइपला दर हातभर अंतरावर बांधा. मृगाच्या विजांसाठी घरात शिरण्याआधी सर्ज अरेस्टर आणि नीट अर्थिंग हवं. तरीही डोक्यावर गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवणं सर्वात खात्रीचं. तेवढा वेळ ओसीएक्सओ एकटा सांभाळून घेतो.

१०. आपलं नाविक वापरता येईल का?

रिसीव्हरमध्ये सोय असेल तर येईल. नाविक ही जीपीएससारखी भारताची यंत्रणा आधी एल५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांवर होती, सामान्य रिसीव्हर मात्र एल१ वरचे. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ ची भर पडली आणि त्याच उपग्रहावर भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ आहे. निव्वळ रेफरन्ससाठी मात्र नाविक आहे की नाही यावर खरेदी ठरवू नका. जीपीएस पुरेसं आहे.

११. वापरलेला ओसीएक्सओ घेताना काय तपासू?

सर्वात आधी करंट. चालू करताच तो जास्त असावा आणि काही मिनिटांत उतरून स्थिर व्हावा. उतरलाच नाही तर अव्हनचं नियंत्रण गेलेलं आहे. मग नियंत्रण व्होल्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून १० मेगाहर्ट्झ मध्ये कुठे येतात ते पाहा. जुना क्रिस्टल इतका सरकलेला असू शकतो की टोकालाही जुळत नाही.

ते व्होल्टेज स्वच्छ हवं. ५ व्होल्टमध्ये १ पीपीएमची झेप असेल तर एक मिलिव्होल्टची हालचाल म्हणजे ०.२ पीपीबी. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मिळणारं साधं प्रीसेट इथे लावू नका. चांगलं मल्टिटर्न आणि व्होल्टेज रेफरन्स आयसी वापरा. मोरियनचा एमव्ही८९ए किंवा एचपीचा १०८११ चांगल्या अवस्थेत मिळाला तर सोडू नका.

१२. चोवीस तास चालू ठेवायचा का? बिल किती येईल? आणि लाइट गेली तर?

ओसीएक्सओ शक्यतो बंद करू नका. बंद करून परत लावला की तो नेमका जुन्या वारंवारतेवर येत नाही आणि स्थिरावायला काही दिवस घेतो. तापल्यावर ३ वॅट धरले तर महिन्याला सव्वादोन युनिटच्या आत. रुबिडियमचे १२ ते १५ वॅट म्हणजे नऊ ते अकरा युनिट.

वादळात लाइट जाणं गृहीत धरा. १२ व्होल्टच्या ओसीएक्सओला चार्जरवर कायम असलेली छोटी सील्ड बॅटरी आणि मध्ये लो-ड्रॉप रेग्युलेटर, ही जोडणी घरच्या इन्व्हर्टरपेक्षा स्वच्छ आहे.

१३. एकच रेफरन्स चार उपकरणांना कसा देऊ? आणि १० मेगाहर्ट्झचं सॉकेटच नसेल तर?

टी-कनेक्टरची माळ दोन उपकरणांपर्यंत निभते, शेवटी ५० ओहमचं टर्मिनेशन लावून. पुढे डिस्ट्रिब्यूशन अॅम्प्लिफायर लावा. जुन्या केबल टीव्हीच्या सामानातला व्हिडिओ डिस्ट्रिब्यूशन अॅम्प्लिफायर अनेकदा हे काम छान करतो, फक्त तो ७५ ओहमचा असतो. पातळी तपासा. १३ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचं माप) म्हणजे ५० ओहमवर २.८ व्होल्ट टोक ते टोक, आणि टर्मिनेशन विसरलात तर जवळपास दुप्पट.

सॉकेटचं म्हणाल तर रिगोल डीएसए८१५ या स्पेक्ट्रम अॅनालायझरला आणि सिग्लेंट एसडीजी२०४२एक्स या सिग्नल जनरेटरला ते आहे. हॅकआरएफ वन या संगणकाला जोडायच्या रेडिओच्या क्लॉक-इनला ३.३ व्होल्टची चौकोनी लाट लागते, साइन थेट देऊ नका. रिगोल डीएस१०५४झेड या स्कोपला (ऑसिलोस्कोपला) सोयच नाही. तिथे आतला क्रिस्टल उपटत बसण्यापेक्षा चूक किती पीपीएम आहे ते रेफरन्सनं मोजा आणि कागदावर दुरुस्त करा.

१४. ओसीएक्सओ किंवा रुबिडियम घरी कॅलिब्रेट कसा करू?

दोन चॅनेलचा स्कोप आणि जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाचा पल्स एवढंच लागतं. पल्सवर ट्रिगर करा, दुसऱ्या चॅनेलवर १० मेगाहर्ट्झ पाहा. लाट डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसेल. एक पूर्ण लाट म्हणजे १०० नॅनोसेकंद. ती १०० सेकंदांत सरकली तर चूक १ पीपीबी, १००० सेकंदांत सरकली तर त्याचा दहावा भाग. पल्स थोडा थरथरतो, त्यामुळे घाई करून दहा सेकंदांवर निष्कर्ष काढू नका. मोजण्यापूर्वी ओसीएक्सओ निदान आठवडाभर चालू असावा.

१५. जीपीएस नकोच असेल तर लाइनचे ५० हर्ट्झ, इंटरनेटची वेळ किंवा शॉर्टवेव्ह वापरता येईल?

लाइन विसरा. ग्रिडचा मान्य पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे, म्हणजे हजारो पीपीएमचा खेळ. इंटरनेटवरून येणारी एनटीपी वेळ काही मिलिसेकंदांनी हलते, पण धीर असेल तर उपयोगी आहे. २४ तासांत १० मिलिसेकंदांची अनिश्चितता म्हणजे ०.१२ पीपीएम. शॉर्टवेव्हवर चीनचं बीपीएम ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर वेळ देतं. आयनमंडलाच्या हालचालीमुळे साधारण ०.१ पीपीएमच्या पुढे खात्री मिळत नाही. टीसीएक्सओ जुळवायला दोन्ही पुरतात.

१६. रेफरन्स जोडला की माझ्या स्कोपचं व्होल्टेजही अचूक होईल का?

नाही. वेळ आणि वारंवारता सुधारते, व्होल्टेजला वेगळं प्रमाण लागतं.

१७. थंडरबोल्ट घेतला, तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतो. फसवणूक झाली का?

नाही. जीपीएस आठवड्यांची मोजणी १०२४ ला शून्यावर येते आणि ट्रिम्बल थंडरबोल्ट या जुन्या जीपीएसडीओला त्याचा फटका ३० जुलै २०१७ ला बसला. तेव्हापासून तारीख १०२४ आठवडे मागे पडते. १० मेगाहर्ट्झ आणि सेकंदाचा पल्स यांवर काही परिणाम नाही. संगणकावरच्या लेडी हेदर प्रोग्राममध्ये तारीख दुरुस्त होते.

१८. जीपीएसडीओ लॉक (उपग्रहांच्या वेळेशी जुळलेला) आहे, तरी १० गिगाहर्ट्झवर सूर खरखरीत येतो. का?

अचूकता आणि शुद्धता या वेगळ्या गोष्टी आहेत. १० मेगाहर्ट्झची वारंवारता हजारपट केली की फेज नॉइज (लाटेची बारीक थरथर) ६० डेसिबलनं वाढतो. बेंचवर न जाणवणारा खरखराट मायक्रोवेव्हवर उघडा पडतो. आधी रेफरन्सचा स्विचिंग पॉवर सप्लाय काढून लिनिअर लावून पाहा, बऱ्याचदा दोष तिथेच असतो. फरक पडला नाही तर शांत ओसीएक्सओ घ्या आणि त्याला जीपीएसडीओशी फार हळू जोडा. लॉकचा दिवा यातलं काही सांगत नाही.

१९. माझ्याकडचे दोन रेफरन्स जुळत नाहीत. खरा कोणता?

दोघांवरून कळत नाही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. पुढे हवामान खात्यानं तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. एकट्या आकड्यावर विसंबण्याचा धोका आपल्या बेंचवरही तोच आहे. तिसरा स्रोत आणा, मित्राचा जीपीएसडीओ दोन दिवस उसना घ्या. तिघांच्या तिन्ही जोड्या प्र. १४ च्या पद्धतीनं मोजा, जो आपल्या दोन्ही जोड्यांत वेगळा पडतो तो संशयित.

अपवाद एकच आहे. दोन्ही जीपीएसडीओ एकाच अँटेनावर स्प्लिटरनं चालत असतील तर अँटेनाची चूक दोघांतही तीच येते, आणि ते चुकीचे असूनही एकमेकांशी जुळतात. अशा तपासणीपुरता तरी एकाला दुसरी अँटेना द्या, किंवा जुळवून ठेवलेला रुबिडियम मध्ये आणा.